वेलूच्या रानातलं एक बोट

पामचा मळा, तिसरी वस्ती
पूर्व कालिमांतान
६ जून २००४

ती. रोफिनाताईस,
सिप्रीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून मला शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढचं वाच. झाल्या नसतील तर आधी त्या उरक, मी थांबतो.

मी जुना मळा सोडला. तिथला मुकादम माणसाला माणूस म्हणत नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाच एका जागी राहून अंगाला मुंग्या यायला लागल्या होत्या. तू म्हणशील, तुला कुठे आल्या नाहीत ते सांग. शाळेतसुद्धा त्याच बाकावर पुन्हा बसवलं म्हणून तर मी पळालो. इथंही काम तेच आहे. लांब दांड्याला कोयता बांधायचा, मान मोडेपर्यंत वर बघत घड तोडायचा आणि घड खाली येताना आपण तिथं नसायचं. जो तिथं असतो त्याच्या घरचं पत्र दुसरा कोणीतरी लिहितो. आईला हे वाचून दाखवू नकोस. मी उडी मारण्यात पटाईत आहे, दोनातुस काकांच्या म्हशींनी लहानपणीच पाय तयार करून ठेवलेत.

आता मुद्द्याचं. आपल्या गोलो लेबोचा पास्कालिस इथं नव्यानं भरती झालाय. तो सांगतो की वेलूचं रान यंदा वाटणार, आणि वाटणार ते कायमचं. आजवर पीक निघालं की रान पुन्हा साऱ्या गावाचं व्हायचं. आता मधल्या खुंट्यावर ज्याचं जेवढं बोट टेकेल, तिथपासून दोरीनं कडेपर्यंत पसरत जाणारी पाचर त्याची, त्याच्या पोरांची. लवंग लावा नाहीतर कॉफी, कोणी उठवायला येणार नाही. सडकही रानाच्या खालून जाणार म्हणे. हे खरं का?

खरं असेल तर ताई, गप्प बसू नकोस. मागच्या वाटणीत रान मोजणाऱ्या कोर्नेलिस आजोबांनी मधल्या खुंट्यावर बाबांसाठी अंगठा, म्हणजे सगळ्यात रुंद वाटा, टेकवला होता. मी तेव्हा बाबांच्या खांद्यावर बसून बघत होतो. आता बाबा नाहीत, घरात पुरुष म्हणून मी एकटा, तेव्हा अंगठा माझा. तेवढा सडकेच्या बाजूला येईल असं बघ. मी तिथं टपरी टाकणार. बाटलीतलं पेट्रोल, शेवयांची पाकिटं, सिगरेट. शेतीचं मला सांगू नकोस, ते तुझं आणि आईचं खातं.

येरेमियास अजून येतो का संध्याकाळचा? इतकी वर्षं नुसतं बाकावर बसून जातो. त्याला म्हणावं, बाकाला पालवी फुटेल आता, बोल काहीतरी.

आईच्या गुडघ्यांना तेल चोळत जा. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, वाढली तरी माझी तक्रार नाही.

तुझा पळपुटा भाऊ,
सिप्री


गोलो लेबो
४ जुलै २००४

चि. सिप्रीस,
रोफिनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ट्रकवाल्यानं आणून दिलं. आईनं ते माझ्याकडून परत परत वाचून घेतलं. घडाची गोष्ट मी गाळली, पण माझ्या तोंडाकडे बघून तिनं ओळखलंच की मधलं काहीतरी खाल्लं. तेव्हा यापुढे एकतर असलं लिहू नकोस, नाहीतर मला वाचताना हसता येईल असं लिही.

वेलूच्या रानाची बातमी खरी आहे. गावाच्या नगाराघरात बैठक झाली. आम्ही बायका भिंतीला टेकून बसलो होतो, म्हणून सगळं कानावर पडलं. कोर्नेलिस आजोबांनी एकेक घर घेतलं. आपलं घर आलं तेव्हा दोनातुस काकांनी विडा थुंकून सांगितलं की या घरात चूल आहे पण माणूस नाही. मुलगा आज इथं नाही, मुलगी उद्या नसेल. वहिनीला मी काय उपाशी ठेवणार आहे का, तिचं बोट माझ्या बोटात मिळवा, मी तिला सांभाळतो. सख्ख्या धाकट्या दिरानं असं म्हटल्यावर बैठकीत कोणाला वावगं वाटलं नाही. दोघातिघांनी तर मान डोलावली. आईनं पदर तोंडावर घेतला आणि माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून वळ आहे.

आजोबांनी मात्र सरळ सांगितलं. वाटा घराचा असतो, काकाचा नसतो. पण दोन गोष्टी लागतात. रान तोडायला त्या घरचं अंग खपलं पाहिजे, आणि मोजणीच्या दिवशी त्या घरात जन्मलेल्या पुरुषानं मध्याशी बसून खुंट्याला हात लावला पाहिजे. यातलं एकही नसेल तर बोट जवळच्या भावाकडे जाईल.

पहिली गोष्ट माझ्या हातात होती, म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांचा कोयता घासला आणि गेले. पुरुष वरच्या अंगानं तोडत होते, मी त्यांच्या रांगेच्या टोकाला उभी राहिले. काका म्हणाले की बाई रान तोडायला लागली तर डुकरं हसतील. मी म्हटलं की हसू देत, रान संपलं की त्यांना हसायलाही जागा उरणार नाही. त्यावर सगळी रांग हसली, आणि काका दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. ते एक बरं झालं, काम भरपूर झालं. हाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं वाकडं आहे.

दुसरी गोष्ट तुझ्या हातात आहे. मोजणी सप्टेंबरच्या सुरुवातीला. ये.

सडकेच्या बाजूचं मात्र विसर. बोट कुठल्या बाजूला येईल हे आजोबांचा खुंटा ठरवतो, तुझी टपरी नाही.

येरेमियास बोलला. काय ते समोर सांगेन.

जपून राहा, आणि दूर असलास तरी आमच्या ताटातला आहेस हे ध्यानात ठेव.

तुझी,
रोफिनाताई


पामचा मळा, तिसरी वस्ती
१ ऑगस्ट २००४

ती. रोफिनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोनातुस काकांचं वाचून मी जेवणाचा डबा उलटा केला. नंतर भात वेचून खाल्ला, कारण दुसरा नव्हता. पण राग तसाच आहे.

मुकादमाकडे रजा मागितली. तो म्हणाला की आई मेली का? मी म्हटलं नाही. मग बाप मेला का? तो आधीच मेलाय म्हटलं. मग त्यानं विचारलं की मग कशाला जातोस? बोटासाठी जातो म्हटलं तर तो माझी दहाही बोटं बघायला लागला. सगळी वस्ती अजून मला बोटवाला म्हणते. करार संपायच्या आधी गेलो तर परत घेणार नाहीत. आणि मला पुढच्या महिन्यात माती उकरणाऱ्या मशीनवर बसायला मिळणार आहे, नुसतं शेजारी, पण मन लावून बघितलं की शिकता येतं. एवढी संधी सोडून कसा येऊ?

पण काळजी करू नकोस. शाळा नसली तरी डोकं आहे मला. बेने मामांनाही मी आजच्याच टपालानं पत्र टाकलंय. त्यांना लिहिलं की मामा, मोजणीच्या दिवशी माझ्या जागी तुम्ही मध्याशी बसा आणि माझ्या नावानं खुंट्याला हात लावा. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, आपल्यावर त्यांचा जीव. आवाजही असा की दोनातुस काकांचं तोंड आपोआप मिटेल. पुरुष पाहिजे ना? मग हा घे पुरुष, तोही दांडगा!

आईला सांग की मुलगा लांब असला तरी हात लांबवर पोचतो. येरेमियासचं काय ते लिहून टाक, समोर कधी येईन याचा भरवसा नाही.

आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस, इथं त्यांच्यावरच चाललंय.

तुझा,
सिप्री


गोलो लेबो
१० सप्टेंबर २००४

चि. सिप्रीस,
आशीर्वाद. तू समोर असतास तर आधी कान धरला असता, म्हणून यावेळी एकच आशीर्वाद.

अरे गाढवा, मामांना कशाला बोलावलंस?

मोजणीच्या सकाळी सगळे वेलूच्या रानात जमले. कोर्नेलिस आजोबांनी मधला खुंटा रोवला, कोंबडा कापला, दोरी सोडायला घेतली. तेवढ्यात खालच्या वाटेनं बेने मामा. काळी विणलेली लुंगी, डोक्याला रुमाल, हातात भला मोठा कोंबडा, मागे मामी आणि त्यांच्या घरची सगळी पलटण. दुरूनच ओरडत होते की माझ्या भाच्याचा हात घेऊन आलोय, सरका.

तू पंधराव्या वर्षी गेलास, तुला कोणी शिकवलं नाही, हेही मी समजून घेते. पण इतकं तर ऐकलं असशील की ज्या घरानं आपल्याला मुलगी दिली ते घर आपल्याला देवाच्या खालोखाल. ते दारात आले की हातातलं काम टाकायचं, त्यांना चटईवर बसवायचं, डुक्कर कापायचं, आणि ते स्वतःहून उठेपर्यंत दुसरी गोष्ट काढायची नाही. आणि त्यांनी आपल्या रानाच्या खुंट्याला हात लावला, तर मुलगीही आमची आणि मातीही आम्हालाच द्या असा त्याचा अर्थ. पिढ्यान् पिढ्या भांडणं याच्यावर चाललीत.

आजोबांची दोरी हातातच राहिली. मामा मध्याकडे निघाले, तसे चार माणसांनी आडवं होऊन त्यांना मिठ्या मारल्या. मान म्हणून मारल्या, पण खरं तर अडवायला. मामांनाही तिथं पोचल्यावर आपण काय करायला आलोय ते उमजलं असावं, कारण चेहरा उतरला. पण इतक्या लोकांसमोर मागे फिरणार कसे? मग ते रुसले. भाच्यानं बोलावलं आणि भाच्याच्या गावानं अडवलं म्हणून रुसले. आता रुसलेल्या मामाला कोणी सोडतं का?

मोजणी जागच्या जागी थांबली. पाहुणचार करायचा कोणी? आपल्या घरात पुरुष नाही, तेव्हा जवळचा भाऊ म्हणून दोनातुस काकांनी! घरावर हक्क सांगायला ते पुढे होते, मग डुकरालाही तेच पुढे, असं आजोबांनी निर्विकार तोंडानं सांगितलं. काकांचं ते काळं डुक्कर आठवतं, ज्याला ते नाताळासाठी जपत होते? तेच. काकू वाटीवाटीनं रस्सा वाढत होती आणि प्रत्येक वाटीबरोबर काका म्हातारे होत होते. मामा राहिले, जेवले, गायले, खूश झाले आणि जाताना काकांना गळामिठी मारून म्हणाले की असा सोयरा मिळायला नशीब लागतं.

आता मामांच्या गावी उलट भेट दिल्याशिवाय रानात दोरी टाकता येत नाही. म्हणून मोजणी ऑक्टोबरच्या मध्यावर गेली. तुझ्या मूर्खपणानं तुलाच मुदत मिळाली. आजोबांनी निरोप दिलाय की आता हात नको, पाय पाठव.

आता माझं ऐक. मी हे रात्रंदिवस मनात घोळवून लिहितेय.

येरेमियासनं मला मागणी घातली. रीतीप्रमाणे मी त्याच्या गावी जायचं. मुलगी जन्मापासूनच बाहेरची मोजतात, हे तुला माहीतच आहे. आई म्हणाली की सिप्रीला लिहू, तो बोट घेईल आणि लग्नात तुला पाठवणीचं रान म्हणून देईल, तशी चाल आहेच. मी नाही म्हटलं. पाठवणीचं रान जाणाऱ्या मुलीला देतात. मला जायचं नाही. ते रान मी तोडलंय. कुठे खडक आहे, कुठे पाणी मुरतं, कुठे माती काळी आहे, हे माझ्या पायांना कळतं. मला ते रान हवंय, सिप्री. तुझ्यासाठी राखायला नको आणि आहेर म्हणूनही नको. माझी चूल इथंच पेटवून मला ते हवंय. येरेमियासला मी हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला की लोक घरजावई म्हणतील. म्हटलं म्हणतील. मग म्हणाला की म्हणू देत.

म्हणजे मी तुझ्याकडे तुझाच हक्क मागतेय. तू नाही म्हटलंस तर मी रागावणार नाही असं खोटं लिहीत नाही. रागावेन. पण आधी ये.

तुझी,
रोफिना


पामचा मळा, तिसरी वस्ती
२८ सप्टेंबर २००४

ती. रोफिनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मामांवर हसलो, मग काकांच्या डुकरावर हसलो, आणि शेवटचं पान आल्यावर हसू गेलं.

खरं लिहितो, चिडलो. मनात आलं की बाबांचा एकच मुलगा मी, नावावर एक टेकडीचा तुकडा असावा एवढंही मला नको? इथं सगळे रात्री बोलत बसतात, माझी इतकी जमीन, माझं तितकं. कोणी विचारलं तर मीही सांगतो की आमचं वेलूचं रान आहे. तेही तू मागून घेतलंस. तिरीमिरीत पत्र फाडायला घेतलं होतं.

मग दुसऱ्या दिवशी काम करताना तुझाच विचार डोक्यात. आठवून बघितलं, मी त्या रानात शेवटचा कधी गेलो? बाबांच्या खांद्यावर. स्वतःच्या पायांनी मी तिथं चाललोसुद्धा नाही. काळी माती कुठे आहे हे मला काय कळणार? मी ते घेतलं असतं तर सडकेकडच्या टोकाला टपरी टाकली असती, पावसाळ्यापर्यंत कंटाळलो असतो, आणि जाताना काकांना म्हटलं असतं की बघा जरा. काका याचीच वाट बघत बसलेत. मला हे अगोदर कळत नव्हतं असं नाही, पण कोणी सरळ मागितलं नव्हतं.

म्हणून ठरलं. मी येतो. मुकादमाला सांगितलं, तो म्हणाला की गेलास तर गेलास. म्हटलं गेलो. माती उकरायच्या मशीनच्या शेजारी चार दिवस बसायला मिळालं तेवढं पुरे, मशीन दुसरीकडेही असतात.

मकास्सरहून आपल्या रेओ बंदराची बोट मिळाली की झालं. हे पत्र आधी पोचेल की मी, देव जाणे. मी आधी पोचलो तर हे आल्यावर मला दाखवू नकोस, चिडल्याचं वाचून लाज वाटेल.

आजोबांना सांग, पाय निघालेत.

तुझा,
सिप्री


मकास्सरकडे जाणाऱ्या बोटीवरून
२४ ऑक्टोबर २००४

ती. रोफिनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

अजून रेओचा डोंगर दिसतोय आणि मी लिहायला बसलोय. शेजारचा माणूस म्हणतो की एवढी आठवण येते तर उतरायचं होतंस. त्याला काय सांगू.

जे तोंडानं सांगता आलं नाही ते लिहितो. मोजणीच्या दिवशी तू रानाच्या कडेला बायकांबरोबर चुलीपाशी होतीस. मध्याशी बराच वेळ खोळंबा झाला, तुला वाटलं असेल काका भांडताहेत. काका भांडत होतेच. पण खोळंबा माझ्यामुळे झाला.

आपली पाळी आली तेव्हा आजोबांनी आधी मला ताडीचा पेला दिला, मोठ्या माणसाला देतात तसा. मग म्हणाले की बाबाच्या जागी अंगठाच मिळायला हवा, मी अंगठा टेकवायला तयार आहे. फक्त एक सांग, राहणार की जाणार? राहणार असशील तर अंगठा तुझा, दोनातुसनं तोंड उघडलं तर मी बघतो.

ताई, सगळे माझ्याकडे बघत होते. जळलेल्या गवताचा वास येत होता. माझ्या वयाचे सगळे तिथं खुंट्याभोवती उकिडवे बसले होते, आणि मला एकदम वाटलं की आपणही बसावं इथं, लग्न करावं, म्हातारं व्हावं. राहतो हा शब्द ओठांवर आला होता. पण मला माझी ओळख आहे. तो शब्द त्या दिवसापुरता खरा ठरला असता, पुढच्या वर्षी नाही.

मी म्हटलं की मी जाणार. पण हे घर जाणार नाही. रोफिना इथंच चूल पेटवणार, तिचा नवरा इथं येणार, रान तिनं तोडलंय, बोट तिच्या चुलीच्या नावानं टेकवा. मी या घरात जन्मलेला पुरुष, खुंट्याला हात मी लावतो, आणि सगळ्यांसमोर सांगतो की मागाहून मी किंवा माझी पोरं मागायला येणार नाहीत.

काका उसळले. म्हणाले की बाईच्या नावाचं बोट या गावानं आजवर कधी टेकवलं नाही. मला वकिली येत नाही हे तुला माहीत आहे. पण तोंडातून निघून गेलं की काका, या गावानं रान कायमचं तरी आजवर कधी वाटलंय? ते नवं तुम्हाला गोड लागतं, मग हे नवं का कडू लागतं?

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, पाणी आणावं लागलं. मग गंभीर झाले. म्हणाले की पोराचं बरोबर आहे, पण मीही गावाला धरून चालतो. नवीन गोष्टीला सुरुवातीला मोठा वाटा देत नाहीत. राहणाऱ्या मुलाला अंगठा देत होतो. राहणाऱ्या मुलीला करंगळी. अजून विचार कर.

मी विचार केला नाही. करंगळी म्हटलं.

पुढचं तुला माहीतच आहे. त्यांनी तुला हाक मारली, तू तशीच हात पुसत आलीस आणि माझ्या हातावर हात ठेवलास. तुला वाटलं की मी भांडून करंगळी मिळवली. घरी आई म्हणालीसुद्धा की पोरानं मिळवलं. मी गप्प राहिलो. खरं असं की मी थांबलो असतो तर घराला अंगठा मिळाला असता. तुझा वाटा माझ्या जाण्यानं बारीक झाला. हे तुला माझ्याकडून कळावं, काकांकडून नको.

मी ताराकानला जातोय, कोळंबीच्या तळ्यांवर माणसं घेतात म्हणे. पत्ता पोचल्यावर कळवीन. रागावली असलीस तरी पत्र मात्र धाडत जा, रिकाम्या हातानं मला झोप येत नाही.

तुझा,
सिप्री


गोलो लेबो
१२ डिसेंबर २००४

चि. सिप्रीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावले. मध्याशी एवढं सगळं घडलं आणि तू चार दिवस माझ्या हातचं जेवून, गप्पा मारून, एक शब्द न बोलता गेलास याचा राग आला. करंगळीचा नाही. तू अंगठा घेऊन थांबला असतास, तर दोन पावसाळ्यांत तो काकांच्या म्हशींनी चरून संपवला असता, आणि ते बघत मी येरेमियासच्या गावात बसले असते. करंगळी बारीक आहे, पण तिच्यात म्हैस शिरली तर हाकलायचा हक्क माझा आहे. आणि शिरलीच. लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकांनी आपली म्हैस माझ्या हद्दीत बांधली, बघू काय करते म्हणून. मी ती सोडली, गावातून चालवत त्यांच्या दारात नेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की काका, तुमचं जनावर वाट चुकलं होतं, पुढच्या वेळी चुकलं तर नांगराला जुंपून घेईन. काकू पडवीत तोंड दाबून हसत होती. काका नंतर लग्नाला आले, खाली मान घालून जेवले, आणि जाताना आईच्या पायाही पडले.

पेरणी झाली. मध्याशी रान इतकं निमुळतं आहे की तिथं मी पाऊलसुद्धा पुरतं ठेवू शकत नाही, पण कडेला पोचेपर्यंत चांगलं पसरतं. वरच्या अंगाला भात, मधे मका, आणि कडेनं कॉफीची रोपं. येरेमियास खडक फोडतो. लोक त्याला घरजावई म्हणतात. तो म्हणतो की हो, आणि या घरची सासू तुमच्या सासूपेक्षा बरा स्वयंपाक करते. आईला हे फार आवडलंय, रोज त्याला एक कंद जास्त वाढते.

आणखी एक सांगायचंय. परवा नगाराघरामागची लुसिया आणि खालच्या आळीची विधवा तेरेसिया, दोघी कोर्नेलिस आजोबांकडे गेल्या. पुढच्या वर्षी ओढ्यापलीकडचं रान वाटणार आहे. त्यांनीही आपल्या चुलीच्या नावानं बोट मागितलं. आजोबा म्हणाले की त्या भावंडांनी गावाला चांगलीच खरूज लावली. पण नाही म्हणाले नाहीत. दोघी माझ्याकडे आल्या तेव्हा मी सांगितलं की मागायच्या आधी कोयता घासा. पाऊस थांबला की आम्ही तिघी तोडायला जाणार आहोत.

त्या रानात मी अंगठा मागणार. नवीन गोष्टीला छोटा वाटा हे आजोबांनी एकदा म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. आता ही गोष्ट नवीन राहिलेली नाही. खुंट्याला हात मी माझा लावीन, दुसऱ्या कोणाच्या हातावर ठेवणार नाही.

तेव्हा सिप्री, रानासाठी तुला परत यावं लागणार नाही. ताराकानला राहा, नाहीतर आणखी कुठे जा, तुझा पाय कोणी बांधलेला नाही. आमची आठवण आली तरच ये. आलास की चूल पेटलेली असेल, आणि तुला पाहुण्याच्या चटईवर बसवू.

आईचे आणि येरेमियासचेही आशीर्वाद. लिहीत राहा, तोडू नकोस.

तुझी,
रोफिनाताई